नावावर

खिडकी नंबर चारपाशी मिस्टर गेदर उभे आहेत,
टोपी हातात,
आणि काचेपलीकडची बाई विचारते आहे,
घर तुमचंच कशावरून?

मी मागच्या खुर्चीत. मांडीवर ओमारी झोपलेला.
खरं सांगते, आधी हसूच आलं.
दोन वर्षं मी हेच सिद्ध करत आलेय
की ही मुलं माझी, पगार एवढाच,
की नवरा खरंच निघून गेला
(तेही त्यांना त्याच्याच सहीनिशी हवं होतं).
चौदा कागद झाले माझे.
घरमालकाला घाम पुसताना
आज पहिल्यांदाच पाहतेय.

गेदरनी पिशवी उलटी केली.
अकरा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, रबर लावलेल्या.
पाण्याची बिलं. बॉयलरची वॉरंटी.
एक फोटो: बाल्टिमोरच्या गल्लीतली पांढरी संगमरवरी पायरी
आणि तिच्यावर ब्रश घेऊन वाकलेली
अर्नेस्टाईन, त्यांची थोरली बहीण.
"दर शनिवारी घासायची," ते म्हणाले.
बाई म्हणाली, फोटो छान आहे.
खरेदीखत?

खरेदीखतही निघालं, तळाशी, चार घड्यांचं.
अर्नेस्टाईन गेदर, अविवाहित,
एकोणीसशे एक्याऐंशी.
ती जाऊन अकरा वर्षं झाली
आणि सरकारदप्तरी अजून तीच मालकीण.
गेदर फक्त छपराची गळती काढतात,
बर्फ ओढतात, घरपट्टी भरतात.
"मग मी कोण?" त्यांनी विचारलं.
बाईनं मान वर केली, वाईट वाटलं असावं तिला,
पण त्या प्रश्नासाठी तिच्याकडे फॉर्म नव्हता.

माझ्या पर्समध्ये भाडेमदतीचं पत्र आहे.
साठ दिवसांची मुदत, त्यातले एकोणीस उरलेत.
एकोणिसाव्या दिवसानंतर ते पत्र
बहिणीच्या वॅगनच्या मागच्या सीटवर
आम्हा तिघांबरोबर झोपणार.
म्हणून मला ओरडायचं होतं,
द्या ना त्या म्हाताऱ्याला, बघा त्याचे हात,
हातांना रंग लागलाय त्या घराचा!

नाही ओरडले.
कारण मॉन्युमेंट स्ट्रीटवर मला प्रुइट भेटला होता.
गोड बोलणारा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.
आठ महिने रोख मोजून घेतले त्यानं.
मग एका सकाळी बँकेची माणसं आली,
आणि कळलं की घर त्याचं कधीच नव्हतं,
त्यानं फक्त कुलूप बदललं होतं.
ज्याला कुलूप बदलता येतं तो मालक,
असं मला तोवर वाटायचं.
मुलांच्या गाद्या फुटपाथवर होत्या, मार्चमध्ये, ओल्या.
तेव्हा कोणी का नाही विचारलं त्याला
या खिडकीतला हा प्रश्न?

बाहेर बसथांब्यावर गेदर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, एक पुतण्या आहे. टूसॉनला.
भाऊ नाही राहिला, म्हणजे निम्मं घर त्याचं.
त्याची सही हवी.
अर्नेस्टाईनच्या दफनानंतर बोललेलो नाही आम्ही.
"कशावरून?"
"शिलाई मशीनवरून," ते म्हणाले,
आणि दोघांनाही हसू आलं, आणि थांबलं.

त्यांचा नंबर तो उचलत नाही.
म्हणून माझ्या फोनवरून.
ओमारी खांद्यावर, बस येऊन गेली, जाऊ दिली.
रिंग. रिंग.
गेदर टोपी फिरवताहेत बोटांवर.

हॅलो, मी म्हटलं, मी तुमच्या आत्याच्या घराबद्दल बोलतेय,
पांढऱ्या पायरीचं.
पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला.
तुम्ही कोण त्या घराच्या?
पुतण्यानं विचारलं.

पंधराव्या कागदावरही नसेल याचं उत्तर.
अजून कुणीच नाही, मी म्हटलं.
थांबा, तुमच्या काकांना देते.